चारशे शहाण्णव जोड्यांचे कंट्रोलर

ज्या माणसाने अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच पुरी पाहिलेली नाही, त्याला त्या खेळातल्या शेकडो खेळाडूंच्या नोकऱ्यांची कुंडली तोंडपाठ असावी, हा शेजाऱ्यापाजाऱ्यांवर अन्याय आहे. तो मी सहा वर्षं बाजूच्या टेबलावर बसून सोसला. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या काँट्रॅक्टिंग कंपनीत मी परचेसमध्ये आणि ते डॉक्युमेंट कंट्रोलर. मूळचे मिरजेचे, वय पंचावन्नच्या पुढे, राहायला अजमानला. सगळे त्यांना नुसतं कंट्रोलर म्हणत. कंट्रोल त्यांचा कागदांवर होता, जिभेवर अजिबात नव्हता.

डॉक्युमेंट कंट्रोलरचं काम म्हणजे कंपनीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ड्रॉइंगला, पत्राला, नोटिशीला नंबर द्यायचा आणि तो रजिस्टरला चढवायचा. त्यांच्या नंबराशिवाय कागद दाराबाहेर पडत नसे. एकदा मालकांनी मुलाच्या लग्नाच्या पत्रिका स्वतः फिरून वाटल्या, तर यांनी आपली पत्रिका मालकांच्या देखत उलटी केली आणि मागे ‘रिसीव्हड’ शिक्का मारून तारीख घातली. मालक हसले. यांना त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही.

अशा माणसाला तो खेळ भेटला तोही कागदाच्याच वाटेने. तेव्हा आमच्या प्रोजेक्टवर एक अमेरिकन डायरेक्टर होते, सहा फूट चार इंच, आवाज मशीन रूममध्येही ऐकू येईल असा. सोमवारच्या मीटिंगआधी ते मोबाईलवर कसलंतरी कोडं सोडवत बसायचे. त्यांच्याकडे सोललेल्या नारळाच्या आकाराचा चेंडू काखेत मारून पळतात आणि त्याला फुटबॉल म्हणतात, त्याच्या व्यावसायिक बत्तीस टीम आहेत. कोड्यात दोन टीम द्यायचे आणि या दोन्हींकडून खेळलेला खेळाडू सांगा म्हणायचे. साहेब मोठ्याने विचारायचे, आम्ही सगळे आपापल्या लॅपटॉपमध्ये तोंड घालायचो. अशा एका सोमवारी कंट्रोलर सहीसाठी कागद घेऊन दारात उभे होते. त्यांनी दारातूनच एक नाव सांगितलं. साहेबांनी वर पाहिलं. कंट्रोलरनी दुसरं सांगितलं, तिसरं सांगितलं, आणि चौथ्याला म्हणाले, “बट सर, दिस फेलो, इन सेकंड टीम ओन्ली वन मॅच.”

साहेबांनी खुर्ची मागे ढकलली आणि विचारलं, हा माणूस कोण आहे? दोन वर्षं त्यांच्या प्रत्येक पत्राला नंबर देणारा हा माणूस आहे, हे त्यांना आम्ही सांगितलं.

मागाहून कळलं ते असं. साहेब दर सोमवारी अडतात हे पाहून कंट्रोलरना राहवलं नव्हतं. एवढी माणसं इकडून तिकडे जातात आणि त्यांचं धड रजिस्टर नाही, हे त्यांच्या जिवाला लागलं. दीड महिन्यात त्यांनी बत्तीस टीमना टी-एक ते टी-बत्तीस असे नंबर दिले. बत्तीस टीमच्या जोड्या होतात चारशे शहाण्णव. प्रत्येक जोडीला एक पान. अजमानच्या एका टायपिंगच्या दुकानातून त्याचे तीन खंड बांधून आणले, नव्वद दिरहम, म्हणजे दोन हजार रुपयांच्या वर, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं की मला अजून पाठ आहे.

साहेब प्रोजेक्ट संपल्यावर मायदेशी गेले. कंट्रोलर त्यांना दर आठवड्याला नव्या नोंदी मेल करत राहिले. आधी उत्तरं यायची, मग नुसते अंगठे यायला लागले, मग ऑटो-रिप्लाय. ऑटो-रिप्लाय आला की हे म्हणायचे, “बघा मॅडम, पाच मिनिटांत रिप्लाय. माणूस बिझी असतो तरी.”

मॅच का बघत नाही, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “मॅडम, मॅचमध्ये काय असतं? मारामारी असते. कोण कुठून आला आणि कुठे गेला, ते मॅचमध्ये कुठे कळतं?” माणसाचं खरं मोल तो किती चांगला खेळला यात नसून तो कोणकोणत्या दोन ठिकाणी खेळला यात आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. एकाच टीममध्ये जन्म काढणारा खेळाडू त्यांना अगदीच बिनकामाचा वाटायचा. त्याला पान कुठलं द्यायचं?

हा सिद्धांत खेळापुरता राहिला असता तर माझी तक्रार नव्हती. पण त्यांनी तो आम्हा सर्वांना लावला. नवीन माणूस आला की चहाच्या आधी विचारपूस: यापूर्वी कुठे होता? मस्कतला? आणि त्याआधी दोहा? मग लगेच हाक, “अरे ग्रेग, यल्ला, इकडे ये, तुझा जोडीदार आला!” ग्रेग हा वसईचा आमचा ॲडमिनवाला. तोही मस्कत-दोहा. त्या बिचाऱ्या नवीन माणसाला ग्रेगशेजारी उभं करून दोघांचा फोटो निघायचा. एका प्रार्थनासभेला कंट्रोलर मृताच्या मुलाचा हात हातात घेऊन म्हणाले, “तुमचे वडील आणि मी, दोघे कुवेत आणि जेबेल अली. आता त्या पानावर मी एकटाच.” मुलगा त्या शब्दांनी गहिवरला, हे मात्र मला कबूल केलं पाहिजे.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी आपल्या बायकोची ओळख करून देताना म्हटलं, “ही आमची मिसेस. माहेर आणि सासर, दोन्हीकडून खेळलेली.”

“आणि दोन्हीकडे बेंचवर,” वहिनी म्हणाल्या आणि प्रसादाचं ताट घेऊन पुढे सरकल्या. त्या घरात विनोदबुद्धी कोणाच्या वाट्याला आली होती ते तिथेच कळलं.

माझा आणि त्यांचा झगडा झाला तो त्यांच्या चार नंबरच्या नियमावरून. नुसता करार केला, अंगावर जर्सी चढवली, फोटो काढला, पण प्रत्यक्ष एका मॅचमध्येही उतरला नाही, तर तो त्या टीमचा खेळाडू नाही, असा तो नियम. आता माझं असं झालं होतं की चार वर्षांपूर्वी मी रस्त्यापलीकडच्या कंपनीत गेले होते. तिथे गळ्यात कार्ड आलं, टेबल मिळालं, तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी ज्या प्रोजेक्टसाठी मला घेतलं तोच खलास झाला. व्हिसाचे कागद हललेही नव्हते. इकडच्या साहेबांनी माझा राजीनामा फाईलला लावलाच नव्हता, त्यांनी परत बोलावलं आणि मी खाली मान घालून परत आले. कंट्रोलरनी मात्र ते विसरू दिलं नाही. आमच्यातले कोण कोण रस्त्यापलीकडे जाऊन आले त्याचं एक पान त्यांनी खास आम्हा ऑफिसवाल्यांसाठी काढलेल्या चौथ्या खंडात उघडलं होतं, आणि त्यात माझं नाव नव्हतं.

“सर, मी तीन दिवस तिथे काम केलंय,” मी म्हणाले. “दोनशे हेल्मेटची परचेस ऑर्डर काढली माझ्या सहीने.”

“पी.ओ. दाखवा.”

“चार वर्षांनी कुठून दाखवू?”

“मग तोंडी चालत नाही मॅडम. प्रॅक्टिसला आलात, मॅच खेळला नाहीत.”

त्या पानावर नाव असून मला काय मिळणार होतं? काहीही नाही. तरी मला राग आला. चांगली शिकलेली बाई मी, आणि एका वेड्या माणसाच्या वहीत आपलं नाव नाही म्हणून घरी जाऊन नवऱ्याशी भांडले.

मग गेल्या वर्षी उन्हाळ्यानंतर त्या पानाला अचानक भाव आला. आमचे मालक आणि रस्त्यापलीकडचे मालक एक झाले. दोन्ही कंपन्यांची मिळून एक कंपनी. पलीकडच्या जुन्या फायली खोक्याखोक्यांनी आमच्याकडे यायला लागल्या आणि कंट्रोलर त्यात मानेपर्यंत बुडाले, म्हणजे सुखात होते. त्या खोक्यांबरोबर नवे एचआर मॅनेजर आले. लखनौकडचे, बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला आपण काय कबूल केलं ते नंतर कळावं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, दोन्ही कंपन्यांत काम केलेले लोग कौन कौन हैं? दोन्हीकडची जुनी रेकॉर्ड अर्धवट होती. कोणीतरी सांगितलं, कंट्रोलरना विचारा.

कंट्रोलरचा चेहरा त्या दिवशी मी पाहिलाय. आयुष्यभर ज्या विषयावर कोणी विचारलं नाही, त्यावर मॅनेजमेंटने लेखी विचारलं होतं.

ऑफिसात लगेच पसरलं की दोन्हीकडचं माहीत असलेल्यांची इंटिग्रेशन टीम होणार, त्यांना बढती, बाकीच्यांचं इन्शाल्ला. एका दिवसात कंट्रोलरचं टेबल देवस्थान झालं. कोणी खजूर ठेवून गेलं, कोणी बिर्याणी. मी नारळाच्या वड्यांचा डबा नेला. डबा त्यांनी ठेवून घेतला आणि म्हणाले, “व्हेरिफाय करतोय.”

माझी घाई उगाच नव्हती. नवऱ्याची नोकरी जूनमध्ये गेली होती. त्याचा, मुलीचा आणि माझा, तिघांचे व्हिसे माझ्या नोकरीवर टांगलेले. मुलगी दहावीला, फेब्रुवारीत बोर्ड. मधेच गाशा गुंडाळावा लागला तर तिचं वर्ष गेलं. हे मी कंट्रोलरना सांगितलं होतं, त्यांनाच का, ग्रेगला, चहावाल्याला, सगळ्यांना सांगितलं होतं. मुलगी एकटीच शांत होती. “आई, स्टॉप टेलिंग एव्हरीवन. इट्स एम्बॅरसिंग,” म्हणायची.

एका गुरुवारी ग्रेगने प्रिंटरवर ती लिस्ट पाहिली. अकरा नावं. एक नंबरला खुद्द कंट्रोलर, तिसरा ग्रेग. मी नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तशीच उठून एचआर मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरले. आत कंट्रोलर बसलेले होते, पुढ्यात रजिस्टर. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. म्हटलं, “सर, वो लिस्ट अधूरी है. मेरा नाम उसमें होना चाहिए.”

मॅनेजरनी चष्मा काढला. “अच्छा? आप भी वहाँ थीं, मॅडम? बैठिए, बैठिए.” आणि पेन उचललं.

“नहीं थीं,” कंट्रोलर म्हणाले. “ऑफर थी, काम नहीं किया. रूल नंबर फोर.”

“मैंने तीन दिन काम किया है!”

“रेकॉर्ड नहीं है, सर. मैंने सब बॉक्सेस चेक किये. लिस्ट कंप्लीट है. मेरी साइन है उसपर.”

मी मराठीवर आले. “सर, तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय! माझी मुलगी दहावीला आहे, माहितीये ना तुम्हाला?”

“माहितीये.”

“मग?”

“मग बाहेर जा मॅडम. तुमची लायकी नाही या लिस्टमध्ये यायची.”

एवढं स्पष्ट ते कोणाला कधी बोलले नव्हते. मॅनेजरनी पेन खाली ठेवलं. मी बाहेर आले, वॉशरूममध्ये जाऊन रडले, आणि तोंड धुऊन झाल्यावर ऑफिसच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांच्याबद्दल चार ओळी लिहिल्या. थर्ड क्लास माणूस, हे त्यातले सर्वांत सौम्य शब्द. त्या ग्रुपवर ते होते. मला ते माहीत होतं, म्हणूनच लिहिलं. तासाभरात सतरा जणांनी अंगठे दिले, त्यात ग्रेगचाही होता.

सोमवारी अकरा जणांना पत्रं मिळाली. नव्या मॅनेजमेंटचा हिशोब असा होता की जो एकदा सोडून गेला आणि परत आला, तो पुन्हा जाईल. तेव्हा आधी त्यांनाच मोकळं करा. ज्यांनी खजूर ठेवले होते ते, ज्याने बिर्याणी आणली होती तो, ग्रेग आणि कंट्रोलर. कंट्रोलरनी अमेरिकन खेळाडूंच्या मापाने जी यादी मानाचा फलक म्हणून इतकी वर्षं जपली, तिच्यावरूनच अकरा घरं उठली. इतकी बिनचूक यादी एचआरला दुसऱ्या कोणाकडूनही मिळाली नसती. त्या बिनचूकपणाबद्दल ग्रेगने पार्किंगमध्ये त्यांना वसईच्या भाषेत जे सुनावलं, ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

आणि मी? मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू? पत्र आलं नाही म्हणून मी आधी घरी फोन केला, आणि मग मला ग्रेगची आठवण झाली. ग्रुपवरचा मेसेज डिलीट करायला गेले तर मुदत उलटून गेली होती.

दोन दिवस मी विचार करत होते. कंपनीतून जाणारं प्रत्येक पत्र नंबरासाठी त्यांच्याकडे येतं. मग काढून टाकण्याच्या अकरा पत्रांचे नंबरही त्यांनीच दिले असणार, आपल्या स्वतःच्या पत्राचासुद्धा. म्हणजे गुरुवारी त्या केबिनमध्ये बसले तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. पण मग त्यांनी मला वाचवलं, की त्यांचा तो चार नंबरचा नियमच आडवा आला? त्यांना ओळखणाऱ्या माणसाला नियमाचंच खरं वाटावं. मला तेच सोयीचं होतं, कारण नियमाचे आभार मानावे लागत नाहीत.

शुक्रवारी जुम्म्यासाठी ऑफिस अर्ध्या दिवसाने सुटलं, तशी मी अजमानला गेले. दार वहिनींनी उघडलं. हॉलमध्ये अर्ध्या भरलेल्या बॅगा. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, “बरं झालं आलात. आठवडाभर धड जेवले नाहीत हे.”

“नोकरीचं मनाला लागलं असेल.”

“नोकरीचं?” वहिनी हसल्या. “नोकरीचं काही नाही हो. मिरजेला घर आहे, मुलगा कमावतो. रजिस्टरचं लागलंय. तुमचं नाव होतं त्यात. बारावं.”

मला काही कळेना.

“त्या खोक्यांत सापडला ना तुमचा कागद. हेल्मेटचा. त्या दिवशी घरी काय खुशीत आले. म्हणाले, मॅडम खेळल्यात, मी चुकलो, उद्या त्यांना सांगतो. दुसऱ्या दिवशी एचआरने नोकरीवरून काढायच्या पत्रांसाठी नंबर मागितले, लिस्टमध्ये जेवढी नावं तेवढे. मग यांना उमगलं. बाकीच्या अकरा जणांचं एचआरला खोदून सापडलंच असतं, व्हिसे होते त्यांचे. तुमचा म्हणून तो एकच कागद होता. तो यांनी खिशात घालून आणला आणि नाव खोडलं.” वहिनी आतल्या दाराकडे बघून म्हणाल्या, “आयुष्यात पहिल्यांदा खोटी सही केली म्हणतात. म्हणतात, आता त्या पानावर विश्वास ठेवायचा कोणी?”

सहा वर्षं मी ज्या माणसाची नक्कल करून पार्ट्यांमध्ये लोकांना हसवलं, त्याच्या हॉलमध्ये मी मान खाली घालून बसले होते. मला माझी लाज वाटली. त्या चार ओळींची तर इतकी वाटली की निघून जावं म्हणून मी पर्ससुद्धा उचलली.

तेवढ्यात ते बाहेर आले. लेंगा, बनियन, हातात चौथा खंड आणि त्याच्यावर तो पिवळा पडलेला कागद. दोनशे हेल्मेट, खाली माझी सही. ग्रुपवरच्या मेसेजचा विषय नाही, आभारांचा नाही. मी तोंड उघडलं तर त्यांनी हातानेच थांबवलं.

“मॅडम, एकच विचारायचंय. मुलीचा शेवटचा पेपर कधी?”

“का, सर?”

“तोपर्यंत थांबतो. मग एचआरला करेक्शन मेल टाकतो. ओरिजिनल जोडून. रिव्हिजन वन, नावं बारा.” ते समोर बसले आणि पेनचं टोपण काढलं. “चूक राहिली तर मला मिरजेत पाणी गोड लागणार नाही हो. मुलीचं वर्ष पार पडलं की तुमची काही हरकत नाही ना?”

वहिनींनी कपाळाला हात लावला. या माणसाच्या तोंडून माझ्यासाठी खोटं निघालं होतं, पण त्या खोट्याला मुदत होती. मार्चनंतर माझी नोकरी जावी की राहावी, हा प्रश्न त्यांच्या रजिस्टरात नव्हताच. आणि हरकत आहे असं म्हणायचं मला तोंड नव्हतं.

मुलीचा शेवटचा पेपर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात होता.

“जूनच्या तीस तारखेला,” मी म्हणाले.

त्यांनी तारीख लिहून घेतली, मला मोठ्याने वाचून दाखवली आणि बरोबर आहे ना, असं विचारलं. मी बरोबर आहे म्हटलं, आणि त्यांनी तिच्याखाली माझी सही घेतली.